त्वचेवरचे सूक्ष्मजीव: संशोधन काय सांगते आणि गजकर्ण, चिखल्या, घामोळ्यांत त्याचा उपयोग काय

आपल्या कातडीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर, जागेनुसार, साधारण १० हजार ते १० लाख जिवाणू राहतात. त्यांच्यासोबत बुरशी असते, विषाणू असतात आणि केसांच्या मुळाशी राहणारे, डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे किडेही असतात. कितीही घासून आंघोळ केली तरी ही वस्ती संपत नाही. वरचे धुतले जातात, केसांच्या मुळातले थोड्या वेळात पुन्हा वर पसरतात. या सगळ्यांना मिळून त्वचेचा मायक्रोबायोम म्हणतात. गेल्या वीसेक वर्षांत त्यावर भरपूर संशोधन झाले. त्यातले काही पक्के आहे, काही अजून कच्चे आहे, आणि काहींचा वापर महागडी मलमे खपवण्यासाठी होतो. वैशाखात ४५ अंशांत घामेजणाऱ्या, रोवणीत दिवसभर चिखलात उभे राहणाऱ्या आणि खाज सुटली की मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणणाऱ्या विदर्भातल्या माणसाला यातले काय कामाचे, ते पाहू.

कोण कुठे राहते

२००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील एलिझाबेथ ग्राइस, ज्युलिया सेग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० निरोगी माणसांच्या अंगावरच्या २० जागांचे नमुने तपासले. त्यातून दिसले ते असे: कुठले जिवाणू राहतील हे माणसापेक्षा जागेवर जास्त अवलंबून असते. तुमची काख आणि तुमचाच हात यांच्यात जेवढा फरक आहे, तेवढा तुमच्या काखेत आणि शेजाऱ्याच्या काखेत नाही.

ढोबळमानाने जागा तीन प्रकारच्या. कपाळ, नाकाच्या बाजू, पाठ या तेलकट जागा. तिथे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू जास्त. काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या या ओलसर जागा; तिथे स्टॅफिलोकॉकस आणि कोरिनेबॅक्टेरियम. हाताचा पुढचा भाग, नडगी यांसारख्या कोरड्या जागी मिश्र वस्ती असते आणि ती काळानुसार बदलते. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले जिवाणू घामातले पदार्थ फोडतात तेव्हा वास येतो.

बुरशीचे गणित वेगळे. २०१३ च्या अभ्यासात धड, डोके, हात या भागांवर मॅलासेझिया या एकाच बुरशीचे राज्य दिसले. तिला स्वतःला लागणारी चरबी बनवता येत नाही, म्हणून ती आपल्या त्वचेच्या तेलावर जगते. छातीपाठीवर बुरशीचे २ ते १० प्रकार सापडले आणि टाचेवर सुमारे ८०. पायाला बुरशीचा त्रास का जास्त होतो, हे इथूनच समजते. पायावर बुरशी नेहमीच मुक्कामाला असते. ओल मिळाली की तिला फावते.

त्यांचे काम

निरोगी त्वचा किंचित आंबट असते, पीएच (आंबटपणाचे माप; ७ पेक्षा जितके कमी तितके जास्त आंबट) साधारण ४.५ ते ५.५. हा आंबटपणा घामातून, त्वचेच्या स्वतःच्या पेशींतून आणि जिवाणूंमुळेही येतो. क्युटिबॅक्टेरियम तेल फोडून त्यातून आम्ले बनवतो. या आंबट थरात आपले नेहमीचे जिवाणू सुखाने राहतात, पण गळवे आणि पुळ्या करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि त्रास देणारी इतर बरीच मंडळी तिथे नीट वाढत नाहीत. शिवाय स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आणि स्टॅफिलोकॉकस होमिनिस या नेहमीच्या रहिवाशांच्या काही वाणांत, ऑरियसला मारणारी रसायने बनवण्याची ताकद असते. आपली प्रतिकारशक्तीही लहानपणापासून यांच्याच सहवासात शिकते की कशावर धावून जायचे आणि कशाकडे दुर्लक्ष करायचे.

कापसाच्या शेतात याची उत्तम जोड सापडते. पऱ्हाटीवर एकामागून एक जहाल फवारण्या केल्या की ढालकिडा आणि क्रायसोपा हे मित्रकीटक आधी मरतात, आणि मग पांढरी माशी पहिल्यापेक्षा जोरात येते. कातडीवर जहाल साबण, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड यांचा मारा केल्यावर हेच घडते: राखण करणारे जातात, जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागेवर आधी कोण बसेल हे आपल्या हातात राहत नाही.

नमुना कसा घेतात, आणि तिथे काय चुकते

अशा संशोधनाच्या बातम्या वाचताना नमुना कसा घेतात हे माहीत असेल तर निम्मी दिशाभूल टळते. सहभागी माणसाला आदल्या १२ ते २४ तासांत आंघोळ करू नका, तेल, पावडर, मलम लावू नका असे सांगतात. मिठाच्या निर्जंतुक द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा साधारण ४ चौरस सेंटिमीटर जागेवर, थोडा दाब देऊन, अर्धा मिनिट फिरवतात. दुखत नाही. बोळा लगेच थंड ठेवतात आणि प्रयोगशाळेत उणे ८० अंशांवर. मग त्यातला डीएनए वेगळा काढून, जिवाणूंत असणारा १६-एस नावाचा जनुक वाचतात आणि त्यावरून कोणाची हजेरी आहे ते ओळखतात.

चुका होण्याच्या जागा बऱ्याच आहेत. विष्ठेत किंवा थुंकीत जिवाणू एवढे असतात की बाहेरची थोडी भेसळ लपून जाते. कातडीच्या बोळ्यावर माल फार थोडा असतो, त्यामुळे हातमोज्यांवरचे, हवेतले, इतकेच काय पण डीएनए काढण्याच्या रसायनातलेसुद्धा जिवाणू निकालात शिरतात. म्हणून त्वचेला न लावलेला कोरा बोळा सोबत तपासावाच लागतो. ज्या अभ्यासात असा कोरा बोळा नाही, त्याच्या निकालावर आम्ही भरवसा ठेवत नाही. दुसरे, १६-एस जनुकाचा कोणता तुकडा वाचला यावर उत्तर बदलते. आतड्याच्या अभ्यासात सर्रास वापरला जाणारा व्ही-४ हा तुकडा त्वचेवरच्या क्युटिबॅक्टेरियमला नीट पकडत नाही, त्यामुळे कपाळावरचा मुख्य रहिवासीच यादीत कमी दिसतो. तिसरे, डीएनए मेलेल्या जिवाणूचाही असतो. कालच्या मलमाने मेलेले आजच्या यादीत हजर दिसतात.

आपल्या भागात आणखी एक अडचण येते. त्याच माणसाचा नमुना मे महिन्यात, श्रावणात आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घेतला तर घाम, ओल, बोंडाच्या टोकांनी पडलेले ओरखडे आणि अंगावर उडालेले कीटकनाशक हे सगळे बदललेले असते. त्यामुळे गावातल्या माणसांची शहरातल्यांशी तुलना करायची, तर दोन्हीकडचे नमुने एकाच ऋतूत घ्यायला हवेत. बहुतेक मोठे अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत. भारतात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या गटाने एकत्र कुटुंबांतील वेगवेगळ्या पिढ्यांचे आतडे, तोंड आणि त्वचा यांचे नमुने अभ्यासले आहेत. असे काम शेतमजूर वस्त्यांत व्हायला हवे.

कारण की परिणाम?

लहान मुलांच्या ॲटॉपिक इसबाचे उदाहरण घेऊ. कोपराच्या घडीत, गुडघ्यामागे लाल, कोरडे, खाजरे चट्टे येतात. २०१२ च्या एका अभ्यासात इसब भडकले तेव्हा त्या जागेवर स्टॅफिलोकॉकस गटाचा वाटा सुमारे ३५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेलेला दिसला, बाकीची विविधता आटली. उपचार झाले की विविधता परतली. पण जिवाणू वाढला म्हणून इसब भडकले, की कातडी फाटली म्हणून जिवाणूला शिरकाव मिळाला? नुसते नमुने पाहून हे ठरत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो: माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण औषध नसलेले मलम, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही.

असा एक प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील गटाने केला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. निरोगी माणसाच्या त्वचेवरून घेतलेला होमिनिस जिवाणूचा एक वाण क्रीममध्ये घालून, इसब असलेल्या ५४ प्रौढांपैकी ३६ जणांच्या हाताला दिवसातून दोनदा, एक आठवडा लावला. १८ जणांना नुसते क्रीम. ऑरियस कमी झाला आणि गंभीर त्रास झाला नाही. मात्र इसबातली सुधारणा सगळ्यांत दिसली नाही. ज्यांच्या अंगावरचा ऑरियस या वाणाने थेट मरत होता त्यांच्यातच ती दिसली. म्हणजे कोणाच्या कातडीवर कोणता वाण आहे, हे पाहूनच औषध ठरवावे लागेल.

दुसरी गोष्ट रोझिओमोनास म्युकोसा या जिवाणूची. २०१८ मध्ये १० प्रौढ आणि ५ मुलांवर त्याचा प्रयोग झाला, बहुतेकांना बरे वाटले, बातम्या जगभर गेल्या. त्या प्रयोगात तुलनेचा गट नव्हता. पुढे त्याच कल्पनेवरचे औषध मोठ्या संख्येत, नुसत्या द्रावणाशी तुलना करून तपासले तेव्हा, २०२१ मध्ये, दोन्ही गटांत फरक निघाला नाही. इसब आपोआपही चढते-उतरते आणि नुसते ओलसर क्रीम रोज लावल्यानेही सुधारते. तुलनेचा गट नसेल तर ही सुधारणा औषधाच्या नावावर जमा होते.

म्हणून आज ‘प्रोबायोटिक’ लिहिलेल्या क्रीमवर मजुरीचे पैसे घालू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. बहुतेक डब्यांत जिवंत जिवाणू नसतोच, कारण तो टिकू नये म्हणून त्यातच परिरक्षक घातलेले असते.

तीन औषधांची ट्यूब

या सगळ्या ज्ञानाचा सर्वात मोठा उपयोग आपल्याकडे गजकर्णात आहे. दाद, नायटा, गजकर्ण, नाव काहीही घ्या: जांघेत, कमरेभोवती, ढुंगणावर, छातीखाली गोल चट्टा, कडेला उठलेला आणि लाल, मध्ये थोडा बरा झालेला. हा ट्रायकोफायटॉन जातीच्या बुरशीचा संसर्ग. गेल्या दशकात भारतात तो पसरला, लांबला आणि पुन्हा पुन्हा उलटू लागला. त्यामागे असलेल्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव मिळाले. तिच्या बऱ्याच नमुन्यांत टर्बिनाफिन हे औषध ज्या एन्झाइमवर काम करते, त्याच्याच जनुकात बदल झालेला सापडतो. म्हणून पूर्वी दोन-चार आठवड्यांत बरे करणारी गोळी आता अनेकांना पुरत नाही.

या साथीत तेल ओतले ते मिश्र मलमांनी. एका ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, एक अँटिबायोटिक आणि एक जहाल स्टेरॉइड. स्टेरॉइड खाज आणि लाली दोन दिवसांत दाबते, म्हणून माणूस खूश होतो. पण लाली हे शरीर बुरशीशी लढत असल्याचे लक्षण होते. लढाई थांबली की बुरशी शांतपणे पसरते. चट्ट्याची ओळखीची कडा पुसली जाते आणि डॉक्टरलाही ओळखणे कठीण होते. ट्यूब थांबवली की दुप्पट खाज, म्हणून पुन्हा ट्यूब. महिनोन्‌महिने असे चालले की जांघेत कातडी कागदासारखी पातळ होते, तिथे कायमचे पांढरट-जांभळे चरे पडतात. चेहऱ्यावर तेच लावले तर लाली, पुरळ आणि उन्हात आग. सोबतच्या अँटिबायोटिकचे गजकर्णात काहीच काम नसते. ते फक्त राखणदार जिवाणू मारते आणि उरलेल्यांना त्या औषधाची सवय लावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले. काउंटरवर ती तरीही मिळतात.

म्हणून ट्यूब हातात आली की आधी मागचे बारीक अक्षर वाचा, किंवा शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले तर ती गजकर्णाला लावायची नाही. पूर्वीपासून लावत असाल तर लपवू नका, डॉक्टरांना ट्यूबच दाखवा. त्यावरून उपचाराचा कालावधी ठरतो.

बुरशीचे साधे मलम, डॉक्टरांनी दिलेले, कसे लावायचे यातही चुका होतात. अंग धुऊन पूर्ण कोरडे करायचे. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्ट्याच्या बाहेर चारी बाजूंनी २ सेंटिमीटरपर्यंत, बाहेरून आत लावायचे, कारण बुरशी कडेला वाढत असते. दिवसातून किती वेळा, ते औषधावर ठरते. खाज थांबली म्हणून सोडायचे नाही. कातडी नीट दिसू लागल्यावर आणखी किमान २ आठवडे. चट्टे जास्त असतील, नखात किंवा डोक्यात असेल, तर पोटातून गोळ्या लागतात. त्या डॉक्टरनेच ठरवायच्या, कारण यकृताचे आजार, गर्भारपण आणि इतर गोळ्या पाहाव्या लागतात.

आणि करदोटा. कमरेचा काळा दोरा घामाने भिजतो, कधी पूर्ण वाळत नाही, आणि बुरशी त्यात टिकून राहते. कमरेभोवती गजकर्ण आणि अंगावर तोच करदोटा, अशा स्थितीत कितीही मलम लावा, उलटणारच. उपचार संपेपर्यंत काढून ठेवावा, मग नवा बांधावा. घट्ट जीन्स आणि नायलॉनच्या आतल्या कपड्यांऐवजी सैल सुती. अंगपुसणे प्रत्येकाचे वेगळे. कपडे वेगळे धुऊन, उलटे करून कडक उन्हात वाळवायचे; पावसाळ्यात ऊन नसेल तर शिवणीवरून गरम इस्त्री. घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी, नाहीतर ते घरातल्या घरात फिरत राहते.

खाज रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुरळ, घरात दोघा-तिघांना: ही बहुधा खरूज. ती बुरशी नव्हे, किडा आहे. त्याला ५ टक्के पर्मेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत, ८ ते १४ तास, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. तान्ह्या बाळाला आणि गर्भवतीला डॉक्टरांना विचारून. खाजवून झालेल्या जखमेत स्ट्रेप्टोकॉकस शिरला तर पुढे मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून पू आलेली खरूज अंगावर काढू नये.

पायाच्या बेचक्या

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत रोवणीच्या दिवसांत आणि इतरत्र निंदण-डवरणीत बायामाणसांचे पाय तासन्‌तास ओले. बेचकीतली कातडी पांढरी, फुगलेली होते, मग भेगा. या चिखल्या. सुरुवात बुरशीने होते, ओल वाढली की वेगळे जिवाणू मुसंडी मारतात, वास येतो, आग होते. एरवी त्रासाची पण साधी गोष्ट. पण ज्याला हत्तीपाय आहे त्याच्यासाठी हीच बेचकी दरवाजा ठरते. पायाला थंडीताप येऊन लाल, गरम, दुखरी सूज येण्याचे जे झटके असतात, ते बहुतेक वेळा बेचकीतून शिरलेल्या जिवाणूंमुळे येतात, आणि प्रत्येक झटक्याने सूज आणखी कायमची होते. पूर्व विदर्भात हत्तीरोग जुना आहे, आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत त्यावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे.

झटके कमी करण्याचा उपाय रोजचा आणि स्वस्त. संध्याकाळी घरी आल्यावर साध्या, गार किंवा कोमट पाण्याने (कढत नको, सुजलेल्या पायाला चटका कळत नाही) साबण लावून पाय वरून खाली धुवायचा. बेचक्या आणि कातडीच्या घड्या बोटाने किंवा फडक्याने. ब्रश किंवा घासणी नको. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचे. मग सुती फडक्याने टिपायचे, चोळायचे नाही. बेचकीत कापडाची पट्टी फिरवून कोरडे करायचे. हीच पायरी सर्वाधिक चुकते. भेग असेल तर बुरशीचे मलम, जखम असेल तर दिलेले मलम. झोपताना पाय उशीवर उंच. झटका आलाच तर गार पाण्याचे फडके, विश्रांती, भरपूर पाणी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. मालीश नाही, शेक नाही. मधुमेह असलेल्याच्या पायाला भेग पडली तरी हीच घाई करावी. लाली तासागणिक वर सरकत असेल, फोड येऊन कातडी काळी पडत असेल किंवा माणूस भेलकांडत असेल तर मोठ्या रुग्णालयात न्यावे.

घामोळ्या, शिबे आणि गाजरगवत

घामोळ्या म्हणजे घामाच्या नळीचे तोंड बंद होणे. एपिडर्मिडिसचे काही वाण चिकट पदार्थ बनवतात आणि तो या बुचाला हातभार लावतो. पावडरीचा थर बुच वाढवतो. घाम थांबवणे हाच इलाज: सावली, वारा, दोनदा गार पाण्याची आंघोळ, सैल सुती कपडा. अँटिबायोटिकची गरज नसते.

पाठीवर-छातीवर फिकट, कोंडा सुटणारे ठिपके म्हणजे शिबे. हे आपल्याच मॅलासेझियाचे काम आहे, कोणाकडून लागत नाही आणि कोडाशी त्याचा संबंध नाही. २ टक्के किटोकोनॅझॉल शाम्पू ओल्या अंगाला लावून ५ मिनिटांनी धुणे, डॉक्टर सांगतील तितके दिवस. बुरशी मेली तरी रंग यायला काही महिने लागतात. ठिपके दिसतात म्हणून औषध लावतच राहणे ही नेहमीची चूक.

आणि चेहरा, मान, कोपर अशा उघड्या जागी पावसाळ्यात दाट खाज, पापण्यांवर सूज, शेतातून आल्यावर वाढणारी: ही बहुधा गाजरगवताची ॲलर्जी असते. तिथे जिवाणू किंवा बुरशी शोधून फायदा नाही. गवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, ॲलर्जी नसलेल्या माणसाने उपटावे, जाळू नये.

साबण, पाणी, तेल आणि बाळ

अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. त्याने आंबट थर काही तासांसाठी जातो आणि निरोगी कातडीत परत येतो. रोज साबण काख, जांघ, पाय इथे पुरेसा. हातापायांच्या कोरड्या भागाला नुसते पाणी चालते. फवारणी केल्यावर मात्र हा नियम नाही: कपडे लगेच बदलून सगळे अंग साबणाने धुवायचे. कपडे धुण्याचा साबण आणि सोडा अंगाला लावू नये.

दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याच्या खारपाणपट्ट्यात जड पाण्याने साबणाची चिकट साय कातडीवर बसते आणि कोरडेपणा वाढतो. म्हणून पाणी मऊ करणारे यंत्र बसवावे का? इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर १२ आठवडे हेच तपासले, निकाल २०११ मध्ये आला: यंत्राने इसबात फरक पडला नाही. पैसे वाचवा, साबण कमी वापरा आणि शेवटचे दोन तांबे शक्य तर गोड पाण्याचे घ्या.

बाळाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ २४ तासांनंतर घालायला सांगते. जन्मतः अंगावर असलेला पांढरा लेप खरवडून काढायचा नसतो. तो ओलावा राखतो. तेलाबद्दल दोन प्रयोग सांगण्याजोगे. ढाक्याच्या रुग्णालयात ३३ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल लावल्यावर रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले (२००५). दुसरीकडे, ब्रिटनमध्ये पूर्ण दिवसांच्या, घरात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या १,३९४ बाळांना पहिले वर्ष रोज मॉइश्चरायझर लावले तरी इसब टळले नाही: दोन वर्षांच्या वयात २३ टक्के विरुद्ध २५ टक्के, आणि लावलेल्या गटात त्वचेचे संसर्ग थोडे जास्तच (२०२०). म्हणून निरोगी बाळाला हलक्या हाताने खोबरेल किंवा सूर्यफुलाचे तेल चालते, पण त्याने इसब टळेल ही अपेक्षा ठेवू नये. डाळीच्या पिठाने रगडून लव काढणे बंद करावे, त्याने कोवळी कातडी सोलली जाते. इसब आधीच असेल तर गोष्ट वेगळी: आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, ३ मिनिटांच्या आत, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल सढळ हाताने, दिवसातून दोनदा.

गावात नमुने घ्यायला कोणी आले तर

सहभागी व्हायला हरकत नाही, उलट आपल्या कातडीची माहिती त्याशिवाय जमा होणार नाही. पण विचारावे: हा नुसता नमुन्यांचा अभ्यास आहे की औषधाची चाचणी? औषधाची असेल तर ती भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, नोंदलेली असलीच पाहिजे. २००९ पासून ते बंधनकारक आहे, आणि नोंदणी क्रमांक टाकून मोबाइलवर कोणीही पाहू शकतो. माहितीपत्रक मराठीत मिळाले पाहिजे आणि त्याची प्रत घरी ठेवायला. अंगठा लावणाऱ्यासाठी संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, तो सगळे वाचले जाईपर्यंत शेजारी बसलेला हवा. केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत द्यावे लागतात. पत्रकावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे सहभागी माणसांचे हक्क जपले जातात का हे पाहणाऱ्या समितीचा, फोन असतो. तो नसेल तर सही करू नये. आणि नमुना देण्याच्या आदल्या दिवशी तेल, ट्यूब किंवा फवारणी झाली असेल तर ते बोळा फिरवणाऱ्याला सांगावे, म्हणजे तो तारीख बदलेल.